बीएचयूत आतलं दार नाही

‘बारावीनंतर बीएचयूत जे मिळेल ते घे, एकदा आत शिरलास की मॅनेजमेंटला बदलून घेता येतं.’ हा सल्ला देणारा बहुधा मामा असतो, नाहीतर क्लासचे सर. तो इतक्या ठामपणे दिला जातो की आईवडिलांना शंका घ्यायचं सुचत नाही. मग मुलगी इतिहासाला किंवा मुलगा वनस्पतिशास्त्राला प्रवेश घेतो, महानगरी एक्सप्रेसने वाराणसीला उतरतो, आणि पहिलं सत्र संपल्यावर ‘मॅनेजमेंटला बदलीचा अर्ज कुठे मिळतो’ असं विचारत कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतो. तसा अर्जच नसतो.

हे आधी स्पष्ट समजून घेतलं तर पुढचे बरेच घोटाळे टळतात. बनारस हिंदू विश्वविद्यालयात व्यवस्थापनशास्त्राचा विभाग १९६८ साली सुरू झाला, १९८४ साली त्याची स्वतंत्र विद्याशाखा झाली आणि आता ती संस्था म्हणून ओळखली जाते. तिथला मुख्य अभ्यासक्रम एमबीएचा आहे, म्हणजे पदवीनंतरचा. प्रवेश कॅट या देशपातळीवरच्या परीक्षेच्या गुणांवर; त्यातून यादी लागते आणि पुढे गटचर्चा व मुलाखत. बीएचयूचाच पदवीधर म्हणून तुम्हाला कोणी वेगळ्या रांगेत उभं करत नाही. गडचिरोलीच्या कॉलेजात बी.ए. झालेली मुलगी आणि बीएचयूच्या कला विद्याशाखेतली मुलगी यांची परीक्षा एक, वेळ एक, आणि निकालाची यादीही एकच.

दुसरा गोंधळ आयआयटीचा. बीएचयूच्या आवारातच आयआयटी आहे. १९१९ च्या सुमारास सुरू झालेल्या बनारस इंजिनिअरिंग कॉलेजचा वारसा तिच्याकडे आला आहे. पण २०१२ साली संसदेच्या कायद्याने ती स्वतंत्र आयआयटी झाली. आवार एक, सिंहद्वार एक, म्हणून विद्यापीठ एक असं घरी वाटत राहतं. बीएचयूतून तिथे जाता येत नाही, तिथून बीएचयूच्या एमबीएला यायचं तरी कॅटच द्यावी लागते.

मग ही ‘आतून बदली’ची कल्पना आली कुठून? एक तर आयआयटीतल्या ब्रँच बदलण्याच्या ऐकीव गोष्टींतून. पहिल्या वर्षी उत्तम सीपीआय मिळवून सिव्हिलचा मुलगा इलेक्ट्रिकलला गेला, हे खरंच घडत आलं आहे. काही आयआयटींनी अलीकडे ती सोय बंद केली आहे. आणि दुसरं, अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून. तिथल्या मोठ्या विद्यापीठांत आधी विद्यापीठात शिरायचं आणि मग आतल्या बिझनेस स्कूलसाठी अर्ज करायचा, ही जुनी रीत आहे. बर्कलेच्या हास स्कूलमध्ये विद्यार्थी दोन वर्षं दुसऱ्या विषयांत घालवून मग अर्ज करत. त्या मधल्या चाळणीत खूप मुलं गळत, आणि दोन वर्षं हाससाठी जीव टाकून शेवटी दुसरंच काही शिकावं लागलेली मुलं आपल्या मराठी मंडळींच्या घरांतही असतील. हासनेच २०२४ पासून पहिल्या वर्षापासून चार वर्षांचा थेट प्रवेश सुरू केला. म्हणजे जिथून आपण ही कल्पना उचलली, तिथेही ती ढिली पडत चालली आहे. सॅन होजेचे काका चुकीचं सांगत नाहीत. ते तिथलं सांगतात, आणि आपण ते इथे लावतो.

आता आपल्याकडे बदलाची जी थोडीशी जागा खरोखर आहे, तिच्याबद्दल. युजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा श्रेयांक आराखडा जाहीर केला. त्यात दुसऱ्या सत्राअखेर मेजर विषय बदलण्याची तरतूद आहे. रिकाम्या जागा त्यासाठी वापराव्यात, शिवाय मंजूर जागांच्या वर दहा टक्के जास्तीच्या जागा विद्यापीठ निर्माण करू शकतं, आणि पहिल्या वर्षी ज्याचा सीजीपीए सर्वांत जास्त व एकही विषय राहिलेला नाही त्याला प्राधान्य द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. हे वाचून उड्या मारण्याआधी दोन शब्द नीट वाचा. एक, ‘शकतं’. विद्यापीठाने जागा काढल्याच पाहिजेत असं नाही. दोन, बदल त्याच व्यापक ज्ञानशाखेच्या आत. वाणिज्य आणि व्यवस्थापन ही त्या आराखड्यात एक स्वतंत्र ज्ञानशाखा आहे. इतिहासाची मुलगी राज्यशास्त्राला जाऊ शकेल, बी.कॉम.ला जाण्यासाठी तिला हे कलम उपयोगी पडणार नाही. तरीही तुमच्या विद्याशाखेच्या अधिष्ठात्यांच्या कार्यालयात पहिल्याच महिन्यात लेखी विचारा, उत्तरही लेखी मागा. कँटीनमध्ये सिनियरने सांगितलेला नियम दोन वर्षांपूर्वीचा असू शकतो.

म्हणून खरी लढाई प्रवेशाच्या वेळीच असते, आणि तिथेच आपली मुलं सर्वांत निष्काळजी असतात. सीयूईटी ही पदवीची प्रवेश परीक्षा झाली, गुण आले की काम संपलं असं समजतात. बीएचयूच्या पदवी प्रवेशासाठी विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते आणि अभ्यासक्रम व महाविद्यालय यांच्या जोड्यांचा पसंतीक्रम भरावा लागतो. हा पसंतीक्रम म्हणजेच तुमची ‘आतून बदली’. पहिल्या फेरीत खालची पसंती मिळाली तर ती स्वीकारून वरच्या पसंतीसाठी थांबता येतं, आणि पुढच्या फेऱ्यांत जागा सुटत गेल्या की वर सरकता येतं. पण जे वर लिहिलंच नाही तिथे कोणी सरकवत नाही. बी.कॉम. हवं असेल तर ते पहिल्या ओळीत हवं, मग मिळण्याची आशा कितीही कमी असो. ‘आपल्याला मिळणार नाही’ म्हणून ज्या मुलांनी ते लिहिलंच नाही, त्यांच्याहून कमी गुणांच्या मुलाला शेवटच्या फेरीत ते मिळालेलं बघायची वेळ येते. वरची पसंती खालच्या पसंतीचं काहीही बिघडवत नाही.

मुख्य आवाराचं वेड जरा बाजूला ठेवा. शहरातल्या डीएव्ही पीजी कॉलेजसारख्या बीएचयूशी जोडलेल्या महाविद्यालयांत बी.कॉम. आहे आणि पदवी बीएचयूचीच मिळते. मुलींसाठी राजघाटचं वसंत कॉलेज, कमच्छाचं वसंत कन्या महाविद्यालय आहे. गंगेकाठच्या राजघाटला शिकणं म्हणजे रोजचा प्रवास किंवा तिथलंच वसतिगृह, बीएचयूच्या दाराशी असलेल्या लंका भागातली मजा नाही. पण ज्याला वाणिज्यच करायचं आहे त्याने मुख्य आवारातला नको असलेला विषय घेण्यापेक्षा महाविद्यालयातलं बी.कॉम. घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ‘दुसऱ्या वर्षी मुख्य आवारात बदलून घेऊ’ हा विचार मनात ठेवून जाऊ नका. तो मामांच्या सल्ल्याचाच धाकटा भाऊ आहे. आणि फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पात्रता बघा. बारावीला कोणता विषय असावा आणि सीयूईटीत कोणते पेपर दिलेले असावेत, हे दोन्ही रकाने निराळे असतात. विज्ञानाच्या बहुतेक मुलांच्या बाबतीत गणित तारून नेतं. कलेच्या मुलांनी मात्र ते रकाने डोळ्यांत तेल घालून वाचावेत.

समजा गाडी चुकली. पहिलं वर्ष चालू आहे, विषय मनाला भिडत नाही, आणि डोक्यात वाणिज्य-व्यवस्थापनच आहे. तर सीयूईटी पुन्हा देता येते, आणि नवीन विद्यार्थी म्हणून बी.कॉम.ला जाता येतं. यात एक वर्ष जातं. पण वर्षाचा हिशेब घरच्यांना वाटतो तसा भयंकर नाही. एकविसाव्या वर्षी पदवी मिळाली काय आणि बाविसाव्या वर्षी मिळाली काय, एमबीएच्या मुलाखतीत कोणी त्यावरून बाद करत नाही. खरी अडचण वेगळी आहे. पहिलं वर्ष अर्धवट सोडून परीक्षेला बसलेला मुलगा दोन्हीकडून पडू शकतो. म्हणून चालू वर्षाच्या परीक्षा नीट द्या, प्रवेश रद्द करण्याआधी नवा प्रवेश पक्का होऊ द्या, आणि मूळ टीसी, मायग्रेशन, फी परतीची मुदत या कागदी गोष्टी आधीच विचारून ठेवा. यंदाची सीयूईटी म्हणून जर मागच्याच तयारीवर बसणार असाल तर बसू नका. तेवढेच गुण येतील.

मला विचाराल तर बहुतेकांनी असं पुन्हा मागे जाऊ नये. ज्याचं लक्ष्य शेवटी एमबीए आहे त्याला बी.कॉम. लागतच नाही. कॅटसाठी कोणतीही पदवी चालते. पन्नास टक्के गुण पुरतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पंचेचाळीस. शेवटच्या वर्षातला विद्यार्थीही परीक्षेला बसू शकतो. इतिहास, भूगोल, प्राणिशास्त्र, संस्कृत, काहीही. आयआयएमवाले तर अलीकडे इंजिनिअरांच्या गर्दीत वेगळ्या विषयांची मुलं हवी म्हणून काही गुणही जादा देतात. त्यामुळे बीएचयूतला तुमचा विषय हा अडथळा नाही, त्यातले तुमचे गुण हा अडथळा ठरू शकतो. आयआयएम दहावी, बारावी आणि पदवीचे गुण हिशेबात धरतात. ‘हा विषय नाहीतरी बदलायचाच आहे’ म्हणून दोन सत्रं वाऱ्यावर सोडलेल्या मुलाचा सीजीपीए पुढे कितीही धडपडून वर येत नाही.

आणि बीएचयूतली विज्ञानाची किंवा कलेची पदवी ही वाट बघण्याची जागा नव्हे. जयंत नारळीकर याच आवारात वाढले. वडील विष्णु वासुदेव नारळीकर इथे गणिताचे विभागप्रमुख होते. जयंतराव १९५७ साली इथूनच बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले. ज्या विभागाने तसा विद्यार्थी घडवला तिथे बसून ‘टाइमपास डिग्री’ म्हणणाऱ्या मुलांचा मला राग येतो. असो.

मधल्या तीन-चार वर्षांत वाणिज्याचा पाया घालायचा असेल तर कायदेशीर आणि स्वस्त वाटा आहेत. युजीसीच्या त्या नव्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी मायनरला २४ आणि चार वर्षांच्या पदवीसाठी ३२ श्रेयांक ठेवले आहेत. तुमच्या विद्याशाखेत वाणिज्य किंवा अर्थशास्त्र मायनर म्हणून मिळत असेल तर पहिल्याच सत्रात घ्या. तिसऱ्या सत्रात जाग आली तर उशीर होतो. युजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, त्यातली एक दूरशिक्षणाने असू शकते. इग्नूचं विभागीय केंद्र बीएचयूच्याच आवारात, गांधी भवनात आहे. तिथून बी.कॉम. करणारी मुलं असतात. पण आधी स्वतःच्या विद्याशाखेत विचारा की त्यांच्या नियमांत ते बसतं का. आणि स्वतःलाही विचारा की दोन्हीकडच्या परीक्षा एकाच महिन्यात आल्या तर काय करणार. अर्धवट दुसरी पदवी बायोडेटात वाईट दिसते. त्यापेक्षा ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचा वित्तलेखनाचा किंवा संख्याशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याची परीक्षा दिलेली अधिक शोभते.

कॅटचं म्हणाल तर ती दोन तासांची परीक्षा आहे. इंग्रजी वाचन, माहितीचं विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं. एका भागाचा वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा. २०२४ साली एकूण ६८ प्रश्न होते. नोंदणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते आणि परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना गणिताची धास्ती असते. माझ्या मते त्यांनी धास्ती वाचनाची बाळगावी. दहावीपर्यंतचं गणित सहा महिन्यांत घासूनपुसून लख्ख करता येतं, इंग्रजी उतारा भराभर आणि अचूक वाचण्याची सवय लागायला दोन वर्षं जातात. दुसऱ्या वर्षापासून रोज तासभर अग्रलेख, अर्थकारण, विज्ञान, तत्त्वज्ञान असं जड वाचन करा. सयाजीराव गायकवाड ग्रंथालय, म्हणजे बीएचयूचं मध्यवर्ती ग्रंथालय, त्यासाठीच आहे. बडोद्याच्या महाराजांनी दिलेल्या देणगीतून उभं राहिलेलं, निदान मराठी मुलांनी तरी ते ओस पडू देऊ नये. दुर्गाकुंड-लंका भागात क्लास पुष्कळ आहेत. क्लास लावावाच असं नाही. सराव परीक्षा मात्र हव्यात आणि त्या सोडवण्यापेक्षा तपासण्यात जास्त वेळ घालवावा.

इथे दरवर्षी घडणारी एक चूक: कॅटचा फॉर्म भरला की बीएचयूला अर्ज झाला असं मुलं धरून चालतात. कॅटच्या फॉर्ममध्ये फक्त आयआयएमची निवड करता येते. बीएचयूच्या एमबीएसाठी विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, स्वतंत्र मुदतीत. परीक्षेनंतर महिना-दोन महिने पोर्टलवर लक्ष ठेवा. रोज उठून सिंहद्वारातून जाणारा मुलगाच त्या मुदतीत अर्ज करायला विसरतो, बाहेरगावचा विसरत नाही.

मुलाखतीत बीएचयूच्या विद्यार्थ्याला एकच खरा फायदा असतो, आणि तो बहुतेक जण वापरत नाहीत. तो म्हणजे बनारस. ‘एमबीए का?’ या प्रश्नाला पाठ केलेली उत्तरं ऐकून प्राध्यापक कंटाळलेले असतात. त्याऐवजी तुम्ही चौकाजवळच्या कुंज गलीत साडीचा घाऊक व्यवहार कसा चालतो हे बघितलं असेल तर? विणकर, त्याला सूत आणि काम देणारा गिरस्ता, आणि गलीतला गद्दीदार या साखळीत पैसा कुठे अडकतो, उधारी किती महिने चालते, २००९ साली बनारसी साडीला भौगोलिक निर्देशांक मिळूनही यंत्रमागावरची नक्कल का थांबली नाही, यावर दहा मिनिटं बोलता येईल एवढं साहित्य दोन सुट्ट्यांत मिळतं. शेजारी भदोहीचा गालिचा आहे, रेल्वे इंजिनांचा कारखाना आहे, १३ डिसेंबर २०२१ ला विश्वनाथ कॉरिडॉर खुला झाल्यापासून बदललेला पर्यटनाचा धंदा आहे. नाव चालवणाऱ्या मल्लाहाला विचारा की त्याची नाव डिझेलवरून सीएनजीवर गेली तेव्हा खर्चाचं काय झालं. हे वहीत लिहून ठेवा. तुमचा मूळ विषय इतिहास असेल तर याच्यात जीव ओता. पुण्याहून आलेल्या उमेदवाराला हे पुस्तकातून मिळणार नाही.

आता कागदपत्रं. यात महाराष्ट्रातली मुलं फार मार खातात, कारण राज्याचे नियम आणि केंद्राचे नियम वेगळे आहेत. बीएचयू आणि आयआयएम या केंद्राच्या संस्था. तिथे इतर मागासवर्गाचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात, नॉन-क्रीमी लेअरसह आणि ताज्या तारखेचं लागतं. राज्याच्या नमुन्यातलं दाखवून चालत नाही. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असंही नाही, तेव्हा केंद्राची यादी स्वतः बघा. २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला मिळालेलं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. तिथे आर्थिक दुर्बल घटकाच्या निकषांत बसत असाल तर त्या प्रवर्गातून अर्ज करा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि पाच एकर किंवा जास्त शेती असेल तर, ती कोरडवाहू असली तरी, प्रमाणपत्र मिळत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना हे ऐन वेळी कळतं. आणि महाराष्ट्रात परतायचा पर्याय खुला ठेवायचा असेल तर राज्याच्या एमबीए सीईटीसाठी डोमिसाइल प्रमाणपत्र काढून ठेवा. पदवी वाराणसीची असली तरी तुमचं किंवा आईवडिलांचं डोमिसाइल महाराष्ट्राचं असेल तर राज्याचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो, आणि मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी ते फार मोलाचं ठरतं.

ज्यांची मुलं अजून बारावीत आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे. मुलाला व्यवस्थापनच करायचं हे आताच ठरलं असेल, तर आयआयएम इंदूर २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम चालवतं, आणि रोहतक, रांची, जम्मू, बोधगया इथल्या आयआयएममध्येही तो आहे. खर्च मोठा आहे, प्रवेश अवघड आहे. बीएचयूच्या एमबीएची फी त्यामानाने फारच कमी, आणि म्हणूनच तिथली चुरस मोठी. दोन्ही वाटांवर परीक्षा आहेच. ज्या मामांनी बीएचयूत जे मिळेल ते घ्यायला सांगितलं त्यांना एकदा विचारा, की त्यांच्या ओळखीतलं कोण असं बदलून गेलं. नाव सांगता आलं नाही तर पसंतीक्रमाचा फॉर्म पुन्हा उघडा आणि जे खरंच हवं आहे ते पहिल्या ओळीत लिहा.